नाटक गेलें, पदें राहिलीं

अमेरिकेंत १९९५ सालीं एक मोठी गमतीची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. त्या देशांत शनिवारीं सकाळीं दूरचित्रवाणीवर मुलांसाठीं हलत्या चित्रांचे खेळ दाखविण्याचा प्रघात होता. त्या खेळांच्या आरंभीं वाजणारीं गाणीं तेथील तरुण गायकसंघांनीं आपापल्या ढंगानें पुन्हां गाइलीं, व तीं एकत्र करून ही मुद्रिका सिद्ध झाली. 'रामोन्स' या नामांकित वाद्यवृंदानें तींत स्पायडरमॅनच्या १९६७ मधील चित्रमालिकेचें गीत गाइलें आहे. पुढच्याच वर्षीं, मुलांना व्याकरण व पाढे गाण्यांतून शिकविणाऱ्या 'स्कूलहाउस रॉक' या मालिकेला अशीच आदरांजलि वाहिली गेली. त्याहीपूर्वीं, १९८८ मध्यें, हॅल विल्नर नांवाच्या निर्मात्यानें डिस्नेच्या चित्रपटांतील गाणीं निरनिराळ्या गायकांकडून नव्यानें गाऊन घेतलीं होतीं.

प्रौढ माणसांनीं पोरांच्या खेळांतील गाणीं इतक्या गंभीरपणें गावींत, याचें कित्येकांस हसूं येईल. मलाही प्रथम आलें. परंतु त्यांत जी गोष्ट घडली ती आपल्या ओळखीची आहे. एक मूल एका खेळापुढें बसतें. कांहीं वर्षांनीं खेळ बंद पडतो. कथा विसरली जाते. गाणें मात्र कानांत राहतें. मूल मोठें होऊन स्वतः गाऊं लागतें, आणि एके दिवशीं तें जुनें गाणें आपल्या गळ्यांतून परत करतें. आमच्या वऱ्हाडांतही असेंच घडलें आहे. येथें चित्रांच्या जागीं नाटक होतें, एवढाच फरक.

या गोष्टीचा आरंभ अकोला व बुलढाणा या बाजूंस करावा लागतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे अकोला, खामगांव, जळगांव-जामोद या गांवीं वकिली करीत. जन्म १८७१, मृत्यु १९३४. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणारे विनोदकार म्हणून ते आज आठवतात. गडकऱ्यांचे गुरु म्हणूनही आठवतात. परंतु मराठी नाट्यसंगीतांत त्यांनीं जो उलथापालथीचा उद्योग केला, तो क्वचितच सांगितला जातो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० मधील 'शाकुंतला'ची व १८८२ मधील 'सौभद्रा'ची पदें बव्हंशीं आपल्या घरच्या चालींवर बेतलेलीं होतीं. साकी, दिंडी, कामदा, कीर्तनांतील व लावणीच्या वळणाच्या चाली, कांहीं कर्नाटकी ढंग, असा तो थाट होता. श्रोत्याला चाल आधींच ठाऊक असे; शब्द तेवढे नवे. कोल्हटकरांनीं १८९६ मध्यें रंगभूमीवर आलेल्या 'वीरतनया'पासून ही वाट सोडली. पारशी मंडळ्यांच्या उर्दू नाटकांतील चाली त्यांच्या कानांत बसल्या होत्या. त्या त्यांनीं उचलल्या व त्यांवर मराठी शब्द बांधले.

टीका पुष्कळ झाली. चाली उडत्या आहेत, रसाला मारक आहेत, त्यांत शब्द ओढूनताणून बसविले आहेत, असे आक्षेप निघाले. आणि शेवटचा आक्षेप सर्वस्वीं खोटा होता असें मला म्हणवत नाहीं. कोल्हटकरांचीं कांहीं पदें वाचतांना दांताखालीं खडा येतो. तथापि त्या चालींनीं मराठी प्रेक्षकाचा कान बदलला, हें त्यांच्या विरोधकांनाही नाकारतां आलें नाहीं. एका रंगभूमीवरील खेळ ऐकून मोहित झालेल्या माणसानें त्यांतील सूर दुसऱ्या रंगभूमीवर आणले. यास कोणी चोरी म्हणेल, कोणी आदरांजलि. ज्या उर्दू नाटकांतून ते सूर आले, त्यांचीं नांवें मराठी प्रेक्षकाला कधींच कळलीं नाहींत, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा संबंध येणार आहे.

पुढें गोविंदराव टेंब्यांनीं १९११ च्या 'मानापमाना'स स्वतंत्र चाली दिल्या आणि नाट्यसंगीत रागदारीच्या अंगणांत येऊन बसलें. तो इतिहास सर्वांस ठाऊक असल्यामुळें येथें थांबत नाहीं.

आतां अमरावतीकडे वळूं. वीर वामनराव जोशी हे अमरावतीचे. वामन गोपाळ हें पूर्ण नांव. १८८१ ते १९५६ हा त्यांचा काल. पत्रकार, वक्ते, स्वातंत्र्यलढ्यांत तुरुंगवास भोगलेले कार्यकर्ते, आणि नाटककार. त्यांचें 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हें नाटक केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीनें १९१३ मध्यें रंगभूमीवर आणलें. परंतु ज्या नाटकामुळें त्यांचें नांव महाराष्ट्रभर गाजलें तें म्हणजे 'रणदुंदुभि'. तें १९२७ मध्यें बळवंत संगीत मंडळीनें केलें. मास्टर दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांनीं १९१८ मध्यें ही मंडळी काढली होती. पदांना चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या, आणि तेजस्विनीची भूमिका दीनानाथांची.

हा योग कसा जुळला तें पहा. शब्द लिहिणारा अमरावतीचा, इंग्रज सरकारशीं उभा दावा मांडलेला. चाली बांधणारा ग्वाल्हेर गायकीचा, अनवट रागांचा जाणता बुवा. गाणारा गोमंतकांतील मंगेशीचा सत्तावीस वर्षांच्या आंतला तरुण, ज्याच्या गळ्यांत वीज होती. नाटकाची कथा काल्पनिक राज्याची. परंतु पारतंत्र्याच्या पाशासंबंधींचें पद दीनानाथ गाऊं लागले म्हणजे तें कोणत्या राज्यासंबंधीं आहे, हें पिटांतल्या प्रेक्षकासही सांगावें लागत नसे. जगाच्या वेडेपणाविषयींचें दुसरें एक पद त्याच नाटकांतलें. तें तर आजही मैफलींत गाइलें जातें.

नाटक कंपन्या तेव्हां रेल्वेनें हिंडत. मुंबई-नागपूर मार्गावर अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा हीं स्टेशनें क्रमानें लागतात, आणि बडनेऱ्याहून अमरावतीस फांटा जातो. कापसाचा हंगाम उलटला, शेतकऱ्याच्या व अडत्याच्या हातीं पैसा खेळूं लागला, म्हणजे वऱ्हाडचा दौरा लाभाचा होई. खेळाच्या दिवशीं दारावर नाटकाच्या पदांचीं लहान पुस्तकें विकलीं जात. एकेका पदास वन्समोअरवर वन्समोअर मिळे. तीन ओळींचें पद पाव तास चाले, आणि नायकावर ओढवलेला प्रसंग तेवढा वेळ ताटकळत उभा राही. नाट्यदृष्ट्या हा मोठाच दोष होता. पण पद नाटकापासून सुटें होण्याची क्रिया तेथेंच, रंगमंचावरच, सुरू झाली होती.

ती क्रिया ग्रामोफोननें पुरी केली. मिनिटास ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी. तिच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. तेवढ्यांत ना प्रसंग येई, ना संवाद, ना पडदा. पदाचा अर्क तेवढा बाटलींत भरला जाई. ज्या घरांत नाटक पाहण्यास बायका-मुलांना जातां येत नसे, त्या घरांतही तें पद पोंचलें. १९४८ मध्यें आकाशवाणीचें नागपूर केंद्र सुरू झाल्यावर तर ज्या घरीं फोनो नव्हता तेथेंही गेलें. आमच्या घरीं वडील माणसें 'रणदुंदुभी'तील पदें गुणगुणत. तीं एका नाटकांतलीं आहेत, हें मला मॅट्रिकच्या सुमारास कळलें, आणि त्या नाटकाचा कर्ता आपल्याच गांवचा, हें त्याच्याही नंतर.

बोलपट आल्यावर बळवंत मंडळी चित्रपटाच्या धंद्यांत शिरली व बुडाली. दीनानाथ १९४२ च्या एप्रिलमध्यें, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, पुण्यास वारले. 'रणदुंदुभि' नाटक हळूहळू रंगभूमीवरून दिसेनासें झालें. आणि येथून या कथेचा मला सर्वांत प्रिय भाग सुरू होतो.

मूर्तिजापूर हें अकोला जिल्ह्यांतील जंक्शन. तेथून यवतमाळ व अचलपूर या दोन दिशांना जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' गाडी अलीकडे बंद पडेपर्यंत लोकांच्या फार लोभांतली होती. (किर्लोस्करांच्या नाटकाशीं त्या नांवाचा संबंध असता तर या भाषणास मोठी शोभा आली असती, तो लावण्याचा मोह मी आवरतों.) या मूर्तिजापुरांत २ मे १९२० रोजीं वसंतराव देशपांडे यांचा जन्म झाला. ते वाढले मात्र नागपुरांत, तेव्हां अकोल्यानें त्यांच्यावर फार हक्क सांगूं नये. नागपुरांत शंकरराव सप्रे यांच्यापाशीं त्यांचें शिक्षण झालें. भालजी पेंढारकरांच्या १९३५ मधील 'कालियामर्दन' चित्रपटांत या मुलानें बाळकृष्णाचें काम केलें. लाहोरास असद अली खां यांच्यापाशीं ते शिकले. परंतु या सर्व शिक्षणाच्या पाठीमागें एक मूर्ति कायमची उभी होती, आणि ती मास्टर दीनानाथांची.

दीनानाथांचें गाणें हिशेबी नव्हतें. तान कोठून उठेल व कोठें पडेल याचा अंदाज श्रोत्यास लागत नसे. पंजाबी ढंगाच्या हरकती, क्षणांत तार सप्तकांत झेप, आणि समेवर अकस्मात उडी. हें वळण वसंतरावांनीं उचललें. वसंतरावांना नक्कल करावयाची असती तर ती त्यांना सहज साधली असती. परंतु नक्कल ऐकणाऱ्याला मूळ गायकाची आठवण करून देते व तेथेंच संपते. वसंतरावांच्या गाण्यांत दीनानाथांचें धाडस होतें. वळसे स्वतःचे होते. सरकारी लेखाखात्यांतील नोकरी सांभाळून हा मनुष्य वर्षानुवर्षें गात राहिला. नाट्यसंगीताची वाटचाल कशी झाली हें गात-गात, बोलत-बोलत उलगडून दाखविण्याचे कार्यक्रमही ते करीत. मृत नाटकांना श्रोत्यांपुढें क्षणभर उठवून बसविण्याची ती विद्या होती.

१९६७ मध्यें नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचें 'कट्यार काळजांत घुसली' रंगभूमीवर आलें. संगीत जितेंद्र अभिषेकींचें, आणि खांसाहेबांची भूमिका वसंतरावांची. जी गायकी समोर बसवून शिकविली जात नाहीं, ती एक तरुण ऐकून-ऐकून कशी मिळवूं पाहतो, हें त्या नाटकाचें सूत्र. तें पाहतांना मला नेहमीं वाटे कीं, खांसाहेबांच्या वेषांत जो गृहस्थ गात आहे, त्यानें स्वतःच्या तारुण्यांत हेंच केलें असेल.

वसंतराव १९८३ मध्यें गेले, तेव्हां त्यांचा नातू राहुल जेमतेम तीन-चार वर्षांचा होता. म्हणजे आजोबांचें गाणें या नातवाला मुख्यतः ध्वनिमुद्रणांतून मिळालें. त्यानें २०१० मध्यें 'कट्यार' पुन्हां रंगभूमीवर आणलें. २०१५ च्या चित्रपटांत खांसाहेबांचीं पदें त्याच्याच गळ्यांतलीं आहेत. २०२२ च्या 'मी वसंतराव' या चित्रपटांत तो आजोबांच्या भूमिकेंत दिसला. इकडे मंगेशकरांच्या घरांत आशाबाईंनीं पित्याचीं नाट्यपदें ध्वनिमुद्रित केलीं. अमेरिकेंतले ते तरुण गायकही शनिवारच्या खेळांशीं असेच बांधलेले होते. आमच्याकडे हें ऋण तिसऱ्या पिढीपर्यंत फेडलें जात आहे.

परंतु एक हिशेब यांत जुळत नाहीं, आणि तो मांडल्याखेरीज मला हें भाषण संपवितां येत नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या गांवीं नाट्यगीतांच्या एका स्पर्धेस मी गेलों होतों. एका मुलीनें 'रणदुंदुभी'तील पद फार तयारीनें गाइलें. निवेदकानें सांगितलें, "मास्टर दीनानाथांचें पद." पुढें आणखी एकानें तेंच पद गाइलें, तेव्हां सांगितलें, "वसंतरावांनीं गाजविलेलें पद." दोन्ही विधानें खरीं. मात्र ज्या गांवांत तो मांडव होता त्याच गांवच्या माणसानें, सरकारचा डोळा चुकवीत, तीं अक्षरें लिहिलीं. त्याचें नांव त्या सायंकाळीं एकदांही उच्चारलें गेलें नाहीं. वझेबुवांचेंही नाहीं. खालीं उतरल्यावर मीं त्या मुलीला विचारलें, "बाळ, हे शब्द कोणाचे?" ती म्हणाली, "दीनानाथांचेच ना, काका?"

तिला दोष देण्यांत अर्थ नव्हता. तिनें तें पद भ्रमणध्वनीवर ऐकून बसविलें होतें, आणि तेथें गायकाच्या नांवापलीकडे कांहीं लिहिलेलें नव्हतें. जुन्या तबकडीच्या कागदावर निदान नाटकाचें नांव छापलेलें असे. कोल्हटकरांनीं ज्यांचे सूर घेतले त्या उर्दू नाटककारांचीं नांवें आम्हीं कधीं विचारलीं नाहींत. आतां आमच्या नाटककाराचें नांव कोणी विचारीत नाहीं, अशी ही परतफेड झाली आहे. त्या मुलीनें मात्र वहींत नांव लिहून घेतलें. नाटक वाचावयास मिळेल का, असेंही विचारलें. माझ्यापाशीं एक जुनी प्रत आहे, पहिलीं चार पानें गेलेली. ती मीं तिला नेऊन दिली आहे.