फड्या निवडुंग : कुंपण, वैरण आणि कीड

भीमेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला शिरूर व दौंड तालुक्यांचा मुलूख पर्जन्यछायेंतील आहे. सह्याद्रीवर रिते झालेले ढग येथवर येतात ते बहुधा नुसती सावली घेऊन. अशा उघड्या माळावर शेताला कुंपण घालावयाचें तर लांकूड मिळत नसे आणि दगडी भिंत परवडत नसे. ही अडचण एका वनस्पतीनें फुकट दूर केली. ती वनस्पती म्हणजे फड्या निवडुंग.

नांव देशी असलें तरी हा निवडुंग परदेशी आहे. तोडल्यावर पांढरा चीक गाळणारा त्रिधारी निवडुंग वेगळा. फड्याचें मूळ अमेरिका खंडांत असून युरोपीय दर्यावर्दी लोकांमागून तो आशियांत आला. त्याचे हिरवे फड म्हणजे पानें नव्हत. तीं खोडेंच होत. त्यांचीं छिद्रें मुख्यतः रात्रीं उघडतात, म्हणून उन्हांत पाण्याचा व्यय फारसा होत नाहीं. लागवड तर इतकी सोपी, कीं तोडलेला फड कांहीं दिवस सुकवून जमिनींत टेकविला म्हणजे मूळ धरतो. त्याला पिवळीं फुलें येतात. पुढें तांबडीं बोंडें धरतात. त्यांवरचीं बारीक कुसें घासून मुलें तीं खात आणि लाल तोंडानें घरीं परतत.

पण जो न बोलावतां येतो, तो सांगितल्यानें जात नाहीं. बांधावरचा निवडुंग गायरानांत शिरला. गांवठाणाला त्यानें वेढा घातला. त्याच्या जाळींत साप, उंदीर व घाण यांना आसरा मिळे. काढावा तर मजुरी पडे, आणि जमिनीवर राहिलेला तुकडा पुन्हां उगवे.

तरीही दुष्काळ पडला कीं याच वैऱ्याकडे पाहावें लागे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत पुणें जिल्ह्याचा पूर्वभाग होरपळून निघाला. १८७८ मध्यें सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर दुष्काळपीडितांनीं पोट भरलें. माणसाला माती वाहून घांस तरी मिळे. बैलाला तोही नाहीं. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभींच्या टंचाईंत मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानें निवडुंगाची वैरण करण्याची रीत लोकांपुढें ठेवली : काटे जाळावे, फड चिरावे, आणि कडबा व सरकी यांत मिसळून द्यावे. नुसत्या निवडुंगानें भागत नसे. कारण त्यांत सुमारें नऊ-दशांश पाणीच असतें, पोषक द्रव्य थोडें, आणि जनावर ढाळूं लागतें.

बैल जगविणें किती निकडीचें होतें, हें शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुकच्या पाहणीवरून कळतें. डॉ. हॅरल्ड मॅन व एन. व्ही. कानिटकर यांनीं १९२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासांत बहुतेक कुटुंबांचें उत्पन्न त्यांच्या गरजांना पुरत नाहीं, असें आढळलें. अशा घरचा बैल मेला, तर दुसरा कर्जाशिवाय यावयाचा नाहीं.

निवडुंगाचा अंत अखेर एका किडीनें केला. तिच्या जातीची कथा १७९५ पासूनची. कोचिनील किडीपासून मौल्यवान किरमिजी रंग निघतो. म्हणून कॅप्टन नील्सन यानें ती ब्राझीलहून कलकत्त्यास आणली. आलेली जात हलकी निघाली आणि रंगाचा बेत फसला. पण तिनें निवडुंगाची एक जात मात्र नष्ट केली. फड्या तिला दाद देईना. १९२६ मध्यें लंकेहून तिचीच दुसरी जात दक्षिण हिंदुस्थानांत आणली गेली. फडांवर कापसासारखे पुंजके दिसूं लागले, आणि कांहीं वर्षांतच दाट जाळ्या सुकून कोसळल्या. जमीन मोकळी झाली. त्याबरोबर गरिबाचें कुंपण गेलें आणि अडीअडचणीची वैरणही गेली.

आतां पुणें-दौंड लोहमार्गावरील उरुळी कांचन येथें, मणिभाई देसाई यांनीं १९६७ मध्यें स्थापिलेल्या बाएफ संस्थेनें बिनकाट्याच्या निवडुंगाची लागवड वैरणीसाठीं हातीं घेतली आहे. काटे जाळण्याचे कष्ट त्यांत नाहींत. परंतु ज्या किडीनें फड्याला संपविलें, तिला हा निवडुंगही वर्ज्य नाहीं. मोरोक्कोंत २०१४ पासून तिनें अशाच लागवडीची मोठी हानि केली आहे. कोरडवाहू शेतकऱ्यानें हा नवा पाहुणा बांधावर जरूर आणावा. मात्र सारी भिस्त त्याच्यावर ठेवूं नये, आणि घरांतली कडब्याची गंजी मोडूं नये.