ध्वनीविना ध्वनिमुद्रण : ब्रिटिश स्टुडिओतील मिडीचे पहिले पर्व

१९८०च्या दशकातल्या ब्रिटिश पॉप संगीताची चर्चा बहुधा गायक, त्यांची वेशभूषा आणि दूरचित्रवाणीवरच्या चित्रफिती यांच्यापाशीच थांबते. मिडीच्या पहिल्या पर्वाचा अभ्यास करणाऱ्या या क्षेत्राची जागा स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे, मिक्सिंग कन्सोलपाशी आहे. संगीत न शिकलेला अभियंता आणि इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेला गायक, दोघांनाही इथे सारखाच प्रवेश आहे. यंत्रांची थोडी ओळख मात्र आधी करून घ्यायला हवी.

जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन प्रतिस्पर्ध्यांचे सिंथेसायझर केबलने जोडले गेले. एकावर बोट ठेवले की दुसराही वाजू लागला. या जोडणीची, म्हणजे मिडीची, नियमावली त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. त्या केबलमधून आवाज जात नाही. कोणता स्वर, केव्हा, किती जोराने दाबला आणि केव्हा सोडला, एवढ्या सूचना जातात. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, चॅनल १६, आणि बहुतेक मूल्ये ० ते १२७ या मर्यादेत. भातखंड्यांच्या स्वरलिपीतही आवाज नसतो. पण मिडीची ही लिपी वाजवता वाजवताच लिहिली जाते आणि यंत्र ती लगेच वाजवूनही दाखवते.

यातून निर्णयाची वेळ बदलली, आणि माझ्या मते या क्षेत्राचा गाभा तोच आहे. टेपवर टेक घेतला की स्वर, लय, वाद्याचा पोत सगळे एकत्र ठरून जाई. सीक्वेन्सरमध्ये, म्हणजे मिडीच्या सूचना साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात, साठवलेल्या सुरावटीचे तसे नव्हते. चुकलेला स्वर नंतर दुरुस्त करता येई, पट्टी तीच ठेवून लय वाढवता येई, पियानोसाठी वाजवलेले व्हायोलिनच्या आवाजात ऐकता येई. सीक्वेन्सर टेपशी जुळवण्यासाठी २४ ट्रॅकच्या टेपवरचा एक ट्रॅक टाइमकोडला, म्हणजे वेळेच्या खुणांना, द्यावा लागे. ब्रिटनमध्ये तो सेकंदाला २५ फ्रेम या युरोपीय मानकाचा असे. त्याच्या आधारे सीक्वेन्सर टेपबरोबर धावे आणि सिंथेसायझर मिक्सच्या वेळी थेट वाजत. ते टेपवर घेण्याचीही गरज उरत नसे. ऑक्सफर्डशायरमधल्या सॉलिड स्टेट लॉजिक कंपनीचे कन्सोल फेडरच्या हालचाली आणि बटणांच्या जागा संगणकात नोंदवून ठेवत. म्हणजे मिक्सही पुन्हा उघडता येऊ लागला.

मिडी जपान-अमेरिकेच्या सहकार्यातून आला. मग अभ्यास ब्रिटनचाच का? कारण इथे मोठा स्टुडिओ, घरगुती संगणक आणि वाचकांची हौस एकमेकांच्या फार जवळ होती. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा मुळात शिक्षणासाठी घडवलेला संगणक. संगीतकार व्हिन्स क्लार्क यांनी त्यावरच्या यूएमआय सीक्वेन्सरवर गाणी रचली. १९८५ मध्ये मिडीची जोडणी अंगचीच असलेला अटारी एसटी आला. त्याच वर्षी ‘साउंड ऑन साउंड’ हे मासिक सुरू झाले आणि स्टुडिओतली गुपिते दर महिन्याला छापून येऊ लागली. लंडनच्या ईएमएस कंपनीत १९६९ मध्ये व्हीसीएस-३ सिंथेसायझरची मंडले रचणारे डेव्हिड कॉकरेल यांनीच पुढे अकाई कंपनीचे एस-९०० आणि एस-१००० हे सँपलर, म्हणजे ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणारी यंत्रे, घडवले. जुन्या प्रयोगशाळेचा आणि नव्या शयनगृह-स्टुडिओचा धागा असा एका माणसाच्या हातातून जातो.

या कथेत नुसते कौतुक शोधू नये. १९८२ मध्येच म्युझिशियन्स युनियनच्या लंडनमधल्या एका शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदीची मागणी करणारा ठराव केला होता. रोजगाराची भीती मिडीच्या आधीपासून होती. भारतीय संगीताची सवय असलेल्या आपल्या कानाला आणखी एक प्रश्न पडतो. त्या काळच्या मिडीत पिच बेंडची, म्हणजे स्वर वाकवण्याची, सूचना अख्ख्या चॅनलला लागू होई. एका चॅनलवर तीन स्वर वाजत असतील तर तिन्ही वाकत. मींड घ्यायची तर त्या स्वराला स्वतंत्र चॅनल लागे. क्वांटाइझ केले की मात्रेच्या किंचित मागेपुढे पडणारी थाप रेषेवर ओढली जाते. साउथॉलच्या भांगडा निर्मात्यांनी ढोलक आणि सिंथेसायझर एकत्र आणले, तेव्हा यंत्राचे किती ऐकायचे हे त्यांना प्रत्येक गाण्यात ठरवावे लागले असणार. त्या ध्वनिमुद्रणांचा तांत्रिक अभ्यास मराठी, पंजाबी, गुजराती कानांची वाट पाहत आहे.

आणि सगळे श्रेय मिडीला देण्याचीही घाई नको. मुंबईत संगीतकार चरणजित सिंग यांनी मिडीच्या आधीच, १९८२ मध्ये, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या रोलँडच्या यंत्रांवर दहा राग वाजवले. पुढे तीच टीबी-३०३ शिकागोमार्गे ब्रिटनच्या नृत्यगृहांत पोहोचली ती वेगळ्याच संगीतासाठी. यंत्र तेच असले तरी इतिहास एकच घडतो असे नाही.

नव्या वाचकाने सुरुवात दोन ध्वनिमुद्रिकांपासून करावी. ह्यूमन लीग या गटाची ‘डेअर’ (१९८१) मिडीपूर्व आहे. निर्माते मार्टिन रशेंट यांनी तिच्यासाठी रोलँडचा एमसी-८ वापरला, ज्यात स्वर आकड्यांनी भरावे लागत. दुसरी मार्स या गटाची ‘पंप अप द व्हॉल्यूम’ (१९८७). इतरांच्या ध्वनिमुद्रणांच्या तुकड्यांतून उभी राहून ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली आणि तिच्यावरून हक्कांचा वादही झाला. दोन्ही ऐकताना एकच प्रश्न जवळ ठेवावा : हे कोणी ठरवले, आणि वाजवण्याच्या आधी, वाजवताना की नंतर? उत्तर शोधताना जुनी मासिके, यंत्रांच्या पुस्तिका आणि वाचता येतील तोवर त्या काळच्या फ्लॉपी उघडाव्या लागतील. त्या कामात आपले स्वागत आहे.