‘टाकणे’, ‘काढणे’ आणि ‘काढून टाकणे’

सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब या गावावरून १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी अरुंद मार्ग पंढरपुरास गेला. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी तो काढून रुंद मार्ग घालण्यात आला. त्यावर अवलंबून असलेली इंजिने व डबे तेथे निरुपयोगी झाले. स्थानक व त्याचे नाव राहिले. वस्तू ‘काढली’ म्हणजे काय गेले आणि काय उरले, हा प्रश्न संगणकाच्या क्षेत्रात आज्ञेच्या रूपाने पुढे आला.

इयन मर्डॉक याने १९९३ मध्ये डेबियन ही प्रणाली आरंभिली. तत्पूर्वी सॉफ्टवेअर पुष्कळदा मूळ संहितेपासून स्वतःच घडवून घ्यावे लागे. त्याच्या फाइली अनेक ठिकाणी विखुरत आणि त्यांची नोंद क्वचितच राही. १९९४ मधील ‘डीपीकेजी’ या साधनाने प्रत्येक पॅकेजाच्या फाइलींची यादी ठेवण्याची व्यवस्था केली. काढण्याचे कार्य या यादीच्याच आधारे होते. १९९९ च्या डेबियन २.१ या आवृत्तीबरोबर आलेले ‘ॲप्ट’ हे साधन एका पॅकेजास लागणारी इतर पॅकेजेही शोधून आणू लागले.

या व्यवस्थेत निष्कासनाच्या आज्ञा दोन आहेत. ‘रिमूव्ह’ या आज्ञेने पॅकेज जाते, परंतु त्याच्या मांडणीच्या फाइली राहतात, कारण त्यांत वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने फेरफार केलेले असू शकतात. ‘पर्ज’ने त्याही जातात. (वापरणाऱ्याच्या स्वतःच्या दप्तरातील फाइलींस मात्र ‘पर्ज’ही हात लावीत नाही.)

फेब्रुवारी २००९ मधील डेबियन ५.० या आवृत्तीच्या स्थापनेसाठी मराठी भाषा प्रथम उपलब्ध झाली. अनुवादकांपुढे शब्दांचा प्रश्न होताच. फेडोरा या दुसऱ्या प्रणालीच्या मराठी रूपात ‘इन्स्टॉल’साठी ‘प्रतिष्ठापन’ हा शब्द आला. तो मूर्तीच्या संदर्भातला. त्याचा स्वाभाविक जोडीदार ‘विसर्जन’ मात्र संगणकात रूढ झाला नाही. भ्रमणध्वनीवर पुढे ‘इंस्टॉल करा’ हेच रूप स्थिरावले.

खरी अडचण ‘काढणे’ या क्रियापदाची आहे. मराठीत चित्र काढतात, कर्ज काढतात, दुकान काढतात, मासिक काढतात. तेव्हा ‘संस्थेने पॅकेज काढले’ या वाक्याचा अर्थ ते प्रसिद्ध केले असाही होतो आणि हटविले असाही. बोलीने हा पेच केव्हाच सोडविला होता. ‘विंडोज टाकून द्या’ असे ग्राहक दुकानदारास म्हणतो, तेव्हा ‘टाकणे’ म्हणजे बसविणे. आणि तेच ‘टाकणे’ सहायक होऊन ‘काढून टाकणे’ असे आले की क्रिया पुरी झाल्याचे कळते. ‘काढणे’ व ‘काढून टाकणे’ या जोडीत ‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ यांतील भेद चांगला उतरला असता. संस्कृत शब्द शोधणाऱ्यांनी या जोडीचा पुरेसा विचार केला नाही, असेच म्हणावे लागते.

आज्ञा मात्र रोमन लिपीतच राहिली. ‘ॲप्ट’ व ‘डीपीकेजी’ यांच्या संदेशांचे मराठी अनुवाद झाले. पण लिनक्सच्या निव्वळ मजकुरी पडद्यावर फार तर ५१२ चिन्हे मावतात आणि जोडाक्षरे जुळविण्याची सोय तेथे नाही. डेबियन ५.० ची मराठी स्थापनाही त्यामुळे केवळ चित्रमय पडद्यावरच शक्य होती. मजकुरी पडद्यावर रोमन आज्ञेला मराठी उत्तर मिळालेच, तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात.