उलटे आकडे

लालबाग-परळच्या शाळांतील शिक्षकांशी बोलताना एक तक्रार आम्हांला वारंवार ऐकू येते. "गणपतीच्या साऱ्या आरत्या ह्याला तोंडपाठ. पण 'वही काढ, तारीख घाल, पान ४० वरचे तिसरे गणित सोडव' म्हटले, की तारीख घालून हा स्वस्थ बसतो. स्मरणशक्ती चांगली आहे, म्हणजे हा निव्वळ आळस!" हा निष्कर्ष कोठे चुकतो हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१८८७ साली लंडनमध्ये जोसेफ जेकब्स यांनी विद्यार्थ्यांना आकडे ऐकवून ते त्याच क्रमाने म्हणायला लावले आणि एका वेळी किती आकडे लक्षात राहतात ते मोजले. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी हीच कसोटी बुद्धिमापनात घेतली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. नागपूरच्या फादर मालिन यांच्या १९६९ च्या चाचणीतही आकडे म्हणायचे असतात, आधी सुलट आणि मग उलट.

म्हणजे कसोटी जुनीच होती. पण ती नेमके काय मोजते? १९७४ साली बॅडली आणि हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 'कार्यकारी स्मृती'ची कल्पना मांडली. गिरगावातल्या चाळीचे स्वयंपाकघर आठवा. फडताळ भरलेले असते, पण ओटा हातभर. आरत्या फडताळात असतात. पुन्हापुन्हा म्हणून त्या तेथे पक्क्या बसलेल्या. तोंडी हिशेब, श्रुतलेखन, लांबलचक सूचना यांचे काम मात्र ओट्यावर चालते. तेथे एक भांडे ठेवावे तर दुसरे खाली पडते. आकडे उलट म्हणताना ते धरून ठेवायचे आणि फिरवायचेही, म्हणून खरी ओढाताण तेथे दिसते. 'सत्तावीस' ऐकताना आधी सात येतात, लिहिताना आधी दोन. हा भारही ओट्यावरच.

अध्ययन अक्षमता असलेल्या अनेक मुलांचा हा ओटा लहान आढळतो. सर्वांचाच नाही, आणि केवळ तेवढ्यावरून निदानही होत नाही. ते काम तज्ज्ञांचे. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचे के. ई. एम. येथे अशी तपासणी होते. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली या मुलांना परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला.

पण परीक्षा वर्षाच्या शेवटी येते, सूचना मात्र रोज. आकडे लक्षात ठेवण्याच्या खेळांनी मूल त्या खेळात तरबेज होते. वाचन-गणितात त्याचा फारसा उपयोग झालेला दिसत नाही. त्यापेक्षा ओट्यावरचा भार उतरवावा. एका वेळी एकच सूचना द्यावी, ती फळ्यावर लिहावी, मुलाकडून एकदा वदवून घ्यावी. तारीख घालून थांबलेले मूल बहुधा पुढची सूचना हरवून बसलेले असते. त्याला आळशी म्हणण्याआधी, "पुढे काय सांगितले होते?" एवढे विचारून पाहावे.