१४ एप्रिल १९४४ : मोइरांगला तिरंगा

मणिपुरात लोकताक सरोवराकाठच्या मोइरांग गावी आझाद हिंद सेनेच्या बहादूर गटाचे कर्नल शौकत अली मलिक यांनी या दिवशी तिरंगा फडकावला. गावातल्या अनेकांनी या सैनिकांना साथ दिली. त्यांपैकी एक, एम. कोइरेंग सिंग, पुढे मणिपूरचे पहिले मुख्यमंत्री झाले.

आज तिथे आझाद हिंद सेनेचे संग्रहालय आहे. पत्रे, छायाचित्रे, शस्त्रे, गणवेशावरची बोधचिन्हे तिथे जपली आहेत. आवारात सिंगापूरच्या हुतात्मा स्मारकाची प्रतिकृती उभी आहे. मूळ स्मारकाची पायाभरणी नेताजींनी जुलै १९४५ मध्ये केली होती. सिंगापुरात परतताच इंग्रजांनी ते पाडून टाकले. पाडलेले स्मारक मोइरांगने पुन्हा उभे केले, ही मोठीच गोष्ट आहे. आपल्याकडे या सेनेची कथा सिंगापूर, रंगून आणि लाल किल्ल्यावरचा खटला एवढ्यावरच संपते. ती मणिपूरच्या मातीत लढली, हे मात्र सहसा राहून जाते.

१४ एप्रिलला आपण बाबासाहेबांना वंदन करतो, तेव्हा मोइरांगचीही आठवण ठेवू या. इंफाळला गेलात, तर सुमारे ४५ किलोमीटरवरचे हे संग्रहालय अवश्य पाहा.