मोटारीचें इंजिन आणि हातचीं अवजारें



मोटार बंद पडली म्हणजे कारागीर बोलवावा, ही रीत आतां आपल्या अंगवळणी पडली आहे. परंतु मोटार जन्मास आली तेव्हां तिचा कारागीर जन्मास यावयाचा होता. त्या काळीं ज्याची मोटार त्यानेंच ती दुरुस्त करावयाची, आणि अवजार नसल्यास तेंहि त्यानेंच घडवावयाचें, असा प्रकार होता.

या इतिहासांत पहिला मान आहे एका गृहिणीचा. जर्मनींत कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालीं आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें. पण लोकांचा तिच्यावर विश्वास बसेना. १८८८ च्या ऑगस्टमध्यें त्यांची पत्नी बेर्था, पतीस न सांगतां, दोन मुलांसह त्या मोटारींतून मॅनहाइमहून फोर्ट्‌सहाइमला आपल्या माहेरीं निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. वाटेंत इंधनाची नळी तुंबली. ती तिनें टोपीच्या पिनेनें मोकळी केली. विजेच्या तारेचें आवरण झिजलें. तेथें मोजे बांधावयाचा पट्टा गुंडाळला. ब्रेकच्या ठोकळ्यांवर चांभाराकडून चामडें ठोकून घेतलें. इंधन मिळालें तें वीस्लोख गांवच्या औषधांच्या दुकानांत!

ही कथा बहुधा प्रसंगावधानाची म्हणून सांगतात. परंतु तिचें मर्म निराळें आहे. नळींतून काय वाहतें व तें कां अडतें, हें बेर्थाबाईंना ठाऊक होतें. म्हणूनच टोपीची पीन त्यांच्या हातीं अवजार झाली.

पुढें अमेरिकेंत हेन्री फोर्ड यांनीं १९०८ सालीं ‘मॉडेल टी’ ही मोटार काढली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटींवर गाड्या तयार झाल्या. त्यांतील पुष्कळशा शहरापासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्यांकडे गेल्या. नांगर दुरुस्त करणाऱ्या हातांनीं त्यांनीं इंजिनहि उघडलें.

या दुरुस्त्यांपैकीं झडपा घासण्याचें काम पाहूं. झडपेवर काजळी सांचली म्हणजे ती नीट मिटत नाहीं, वायू निसटतो व इंजिनाचा जोर ओसरतो. त्यासाठीं इंजिनाचें वरचें झांकण काढावयाचें, काजळी खरवडावयाची, आणि झडप तिच्या बैठकीवर कुरुंदाच्या लेपानें मागेंपुढें फिरवून घासावयाची. परंतु झडप काढावयाची तर तिची स्प्रिंग दाबून धरली पाहिजे, आणि ती नुसत्या हातानें दबत नाहीं. मग मोडीतली लोखंडी पट्टी घ्यावी, तिचें टोंक भट्टींत तापवून दुबेळकें करावें, आणि तरफेसारखा तिचा उपयोग करावा. विकतचें अवजार याहून देखणें असे. काम तेंच करी.

घासल्यावर झडप किंचित् खालीं बसते आणि तिच्या दांड्याखालचें अंतर कमी होतें. फोर्डच्या पुस्तिकेप्रमाणें तें इंचाच्या चौसष्टाव्या भागाहून कमी व बत्तिसाव्या भागाहून अधिक नसावें. मूळच्या रचनेंत हें अंतर जुळविण्यास स्क्रू नव्हता. दांड्याचें टोंक कानशीनें घासावें लागे. कानस दोन हात अधिक चालली कीं गेलेलें लोखंड परत येत नसे. घरगुती अवजार स्वस्त होतें खरें, पण अज्ञान तेथें स्वस्त नव्हतें. तरफ कोणीहि घडवील. कोठें थांबावें हें इंजिन समजलेल्यासच कळे.

आज इंजिनाचा कारभार पुष्कळ अंशीं इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे गेला आहे. तिच्यामुळें इंधन वांचतें, धूर कमी होतो. हा लाभ लहान नाहीं. पण तिचा दोष पिनेला किंवा तरफेला दिसत नाहीं. म्हणूनच अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनीं २०१२ सालीं, दुरुस्तीस लागणारी माहिती कारखानदारांनीं मालकांना व स्वतंत्र कारागिरांना उपलब्ध करून द्यावी, अशा कायद्यास बहुमतानें संमति दिली. बेर्थाबाईंना जें ज्ञान घरांत मिळालें, तें मिळविण्यासाठीं मतदान करावें लागलें!

मोटार विकत घेतली म्हणजे लोखंड आपलें होतें. तें चालतें कसें हें कळल्यावरच मोटार आपली होते.