चौतीस दात्यांची कुळकथा

घाट चढायला सोपी म्हणून विकली जाणारी रोड बाईक पाहिली, तर पेडलांशी दोन दातेरी चकत्या दिसतात. सायकलवाले त्यांना चेनरिंग म्हणतात. बाहेरच्या मोठ्या चेनरिंगला 50 दाते आणि आतल्या लहानीला 34. या जोडीला ‘कॉम्पॅक्ट’ असं नाव आहे. त्याआधीची कित्येक वर्षं 53-39 हीच रोड बाईकची प्रमाण जोडी होती, आणि 39 च्या चेनरिंगवर घाटात सामान्य माणसाचे गुडघे बोलायला लागत.

प्रश्न असा की 34 च का? 35 किंवा 33 का नाही? शर्यतपटूंच्या गरजेतून किंवा व्यायामशास्त्रातून हा आकडा निघाला असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो पाच बोल्टांमधून निघाला आहे, आणि ते बोल्ट मुळात रोड बाईकचे नव्हतेच.

चेनरिंग क्रँकला, म्हणजे पेडलाच्या दांड्याला, पाच बोल्टांनी जखडलेली असते. हे पाचही बोल्ट एका वर्तुळावर असतात आणि त्या वर्तुळाचा व्यास ठरलेला असतो. शर्यतीच्या क्रँकवर तो अनेक वर्षं 130 मिलिमीटर होता. साखळीच्या दोन कड्यांमधलं अंतर 12.7 मिलिमीटर धरून हिशेब केला, की 39 दात्यांच्या चकतीत दातांच्या तळापासून बोल्टाच्या मध्यापर्यंत जेमतेम 10 मिलिमीटर जागा उरते. त्याहून लहान चकती बसवायची तर साखळी बोल्टांवर घासू लागते. 38 कशीबशी बसते, 37 ला वाट नाही. आता व्यास 110 घ्या आणि 34 दात्यांचा हिशेब मांडा. उत्तर पुन्हा 10 मिलिमीटर! एका क्रँकवर 39 चं जे स्थान, तेच दुसरीवर 34 चं. घाटाचा चढ किंवा स्वाराचं वय यांचा या समीकरणात कुठेच संबंध येत नाही.

हे नवीनही नाही. कांपान्योलो कंपनीच्या रेकॉर्ड क्रँकवर पूर्वी 144 मिलिमीटरचं वर्तुळ होतं. त्या काळी साऱ्या जगाच्या रेसिंग सायकलींवर आतली चेनरिंग 42 ची असे, आणि तिथेही बोल्टाभोवती सुमारे 9 मिलिमीटरच जागा उरते. शर्यतीचा ‘लहान गिअर’ कोणता, हे दर पिढीत बोल्टांचं वर्तुळ ठरवत आलं आहे.

मग 110 आलं कुठून? हे कळायला आधी फ्रान्समधलं एक जुनं भांडण माहीत हवं.

पॉल द व्हिव्ही हा सेंत-एतिएनचा रेशमाचा व्यापारी. 1887 मध्ये त्याने सायकलींचं दुकान आणि एक मासिक सुरू केलं. मासिकात तो ‘वेलोसिओ’ या नावाने लिहीत असे. गावाबाहेरच 1,161 मीटर उंचीचा कोल द ला रेपुब्लिक हा घाट असल्याने एकाच गिअरवर सायकल चालवणं हा त्याला निव्वळ हट्ट वाटे. त्याने आधी पुढे दोन चेनरिंग बसवून साखळी हाताने उचलून बदलली, मग डाव्या बाजूलाही दुसरी साखळी आणि चकत्या बसवून चार गिअर केले. साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या डिरेलरचा प्रचार तर त्याने जन्मभर केला. 1930 मध्ये ट्रामच्या धडकेने तो गेला.

त्याच्यासमोर उभा होता आंरी देग्रांज, टूर द फ्रान्सचा जनक. देग्रांज मूळचा ट्रॅकवरचा. 1893 मध्ये त्याने एका तासात 35.325 किलोमीटर अंतर कापून विक्रम केला होता. सपाट, गोल, चढ नसलेल्या मार्गावर ज्याची कारकीर्द घडली, त्याला गिअर बदलणं म्हणजे दुबळेपणा वाटला, यात नवल नाही. 1902 मध्ये तूरिंग क्लब द फ्रान्सने डोंगरात सायकलींची एक चाचणी घेतली. मार्त हेस नावाची स्त्री तीन गिअरच्या सायकलीवर बसून एका गिअरवाल्या शर्यतपटूला भारी पडली, अशी तिची कथा सांगतात. त्यावर देग्रांजने लिहिलं, की गिअर पंचेचाळिशीपुढच्यांसाठी ठीक आहेत, खरा विजय स्नायूंच्या बळावरच मिळवावा. सायकलीवरच्या इंग्रजी पुस्तकांत हा मजकूर ‘लेकिप’ या दैनिकातला म्हणून वारंवार छापला जातो. ते शक्यच नाही. ‘लेकिप’ जन्मलं 1946 मध्ये, आणि देग्रांज वारला 1940 मध्ये. 1902 मध्ये त्याच्या हाती असलेल्या दैनिकाचं नाव ‘लोतो-वेलो’ होतं, जानेवारी 1903 पासून नुसतं ‘लोतो’. एवढा साधा मेळ न पाहता एक ग्रंथकार दुसऱ्याचं उतरवत गेला. मजकुराचा आशय मात्र देग्रांजच्या वागण्याशी तंतोतंत जुळतो. टूरमध्ये सर्व स्पर्धकांना डिरेलरची मुभा मिळाली ती 1937 मध्ये, तो संचालकपदावरून दूर झाल्याच्या पुढच्या वर्षी. त्याआधी मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक चकती असे. घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक उलटं करून लावायचं आणि पुढे निघायचं.

या भांडणाचा एक धागा थेट महाराष्ट्रात पोहोचला आहे. लांब पल्ल्याच्या ‘ओदाक्स’ सफरींचं फ्रान्समधलं रोपटं 1904 मध्ये देग्रांजनेच लावलं. 1921 मध्ये ओदाक्स क्लब पारिसियें या मंडळाचं त्याच्याशी फाटलं आणि त्यांनी आपापल्या वेगाने चालवायच्या ‘ब्रेव्हे’ सफरी सुरू केल्या. आज पुणे, मुंबई, नाशिकचे सायकलस्वार 200 किलोमीटरची बीआरएम ही ब्रेव्हे सफर साडेतेरा तासांत पुरी करतात, ती याच मंडळाच्या नियमांनी. म्हणजे बोरघाटात रात्री दिवे लावून चढणारा रांदोनर, म्हणजे अशा सफरीतला सायकलस्वार, या भांडणात नकळत देग्रांजच्या विरुद्ध बाजूला उभा असतो.

शर्यतींच्या बाहेर फ्रान्समधल्या सफरी सायकलस्वारांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच हलक्या गिअरचा प्रश्न सोडवला होता. स्ट्राँगलाइट आणि टीए या कंपन्यांच्या क्रँकवर बोल्टांचं मुख्य वर्तुळ फक्त 50.4 मिलिमीटर होतं, त्यामुळे तिथे 26 दात्यांची चेनरिंगही बसे. बाहेर 46 आणि आत 30 अशा जोड्या पॅरिसच्या कारागिरांच्या हाताखालून सर्रास निघत. शर्यतपटूंनी तिकडे पाहिलं नाही. आणि दुकानातला ग्राहक शर्यतपटूंकडेच पाहत असल्यामुळे सामान्य माणसाच्या पायांत 52-42 आलं.

पुढची पायरी डोंगरात घडली. सफरी सायकलींसाठी तीन चेनरिंगची क्रँक निघाली: बाहेरच्या दोन 110 च्या वर्तुळावर, सगळ्यात आतली 74 वर. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातून माउंटन बाइकची लाट आली, तेव्हा तिनेही हीच मापं उचलली. जपानी कारखान्यांतून 110-74 च्या क्रँकचे ढीग निघू लागले. मग 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सनटूर आणि शिमानो या कंपन्यांनी माउंटन बाइकचे गिअर सरसकट आक्रसवले. पुढच्या चेनरिंग 46-36-26 वरून 42-32-22 वर आल्या, आणि मागची सगळ्यात लहान चकती 11 दात्यांची झाली. गुणोत्तर जवळपास तेच, धातू कमी, खडकावर आपटण्याची भीती कमी. या आक्रसलेल्या रचनेला ‘कॉम्पॅक्ट’ म्हटलं गेलं, आणि तिच्यासाठी 94 मिलिमीटरचं नवं वर्तुळ आलं. 110 मात्र एकाएकी पोरकं झालं.

प्रस्तुत लेखकाचं म्हणणं असं, की रोड बाईकची कॉम्पॅक्ट क्रँक ही या पोरक्या मापाची दत्तक संतती आहे. तीन चेनरिंगच्या क्रँकमधली 74 ची आतली चकती काढा, 110 ची दोन ठेवा, मधल्या जागी बसेल ती लहान चेनरिंग लावा: 34. साचे तयार होते, चकत्या मिळत होत्या, नावसुद्धा डोंगरातून आलं. दुसरं दान तर आणखी मोलाचं. 50 ची चेनरिंग शर्यतपटूला अपमानास्पद वाटू शकली असती, पण मागे 11 ची चकती आली की 50-11 चं गुणोत्तर 4.55 होतं, आणि जुन्या 53-12 चं 4.42. उतारावर वेग गमावल्याची तक्रारच उरत नाही. डोंगराने वर्तुळही दिलं आणि ते वापरण्याची सबबही.

या मताला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिलं मत सांगतं, कॉम्पॅक्ट आणली शर्यतपटू टायलर हॅमिल्टनने. 2003 च्या टूरमध्ये पहिल्याच टप्प्यावर त्याच्या गळपट्टीच्या हाडाला तडा गेला. हँडल ओढून उभ्याने चढणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने हलक्या गिअरची कॉम्पॅक्ट क्रँक लावली. बसून पेडल मारत त्याने बायोनचा टप्पा जिंकला आणि एकूणात चौथा आला. पुढे त्याने उत्तेजकं घेतल्याचं कबूल केलं, त्यामुळे त्या पराक्रमाची झळाळी गेली. पण क्रँकची प्रसिद्धी व्हायची ती होऊन गेली होती. तरी 110 चं वर्तुळ त्याआधी दोन दशकं रस्त्यावर होतं. हॅमिल्टनने लाज घालवली, माप आणलं नाही.

दुसरं मत अधिक अवघड आहे: पुढचा डिरेलर 16 दात्यांच्या फरकापर्यंत नीट चालतो, म्हणून 50 वजा 16 म्हणजे 34. पण फरकच ठरवणारा असता, तर 48-32 तितकंच चाललं असतं, आणि घाटासाठी ते बरंही होतं. ते बाजारात फार उशिरा आलं, कारण 32 दात्यांना 110 च्या वर्तुळात पुरेशी जागा नाही. ते बसवायला कारखान्यांना 90 मिलिमीटरसारखं लहान वर्तुळ काढावं लागलं. 16 चा नियम 50 चा आकडा समजावतो, 34 चा नाही.

या हलक्या गिअरने पायांना काय मिळालं, ते मोजता येतं. 39 ची चेनरिंग आणि मागे 25 असेल, तर पेडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 3.3 मीटर जाते. 34 आणि 28 असेल तर 2.5 मीटर, 34 आणि 34 असेल तर 2.1 मीटर. सिंहगडच्या तीव्र वळणावर ताशी 8 किलोमीटरने चढताना पहिल्या जोडीवर पाय मिनिटाला 41 वेळा फिरतात, शेवटच्या जोडीवर 64 वेळा. वेग तोच, पण प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर पडणारा जोर एक तृतीयांशाहून अधिक कमी.

2012 मध्ये शिमानोने शर्यतीची सर्वोच्च ड्युरा-एस श्रेणी नव्याने मांडली तेव्हा 53-39 साठीसुद्धा 110 चंच वर्तुळ घेतलं, बोल्ट फक्त पाचाऐवजी चार. दत्तक पोर घराचं वारस झालं. त्यामुळे आता जुन्या सायकलीवर हलका गिअर बसवू पाहणाऱ्याने सर्वांत आधी क्रँकवरचं माप पाहावं. 130 असेल तर 34 बसणार नाही, क्रँकच बदलावी लागेल. 110 असेल तर नुसती आतली चेनरिंग बदलून भागू शकतं. मागे 34 पर्यंतच्या चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, घालायची तर मागच्या डिरेलरचा साखळी ताणून धरणारा पिंजरा लांब हवा, नाहीतर पुढच्या-मागच्या लहान चकत्यांवर साखळी सैल पडते.

2019 मध्ये शिमानोने खडीच्या रस्त्यांसाठी जीआरएक्स ही श्रेणी आणली. तिच्या एका क्रँकवरचे दाते 46 आणि 30 आहेत, टीएच्या चकत्या लावणाऱ्या पॅरिसच्या कारागिरांचीच जोडी. 30 दात्यांच्या चकतीत 110 च्या बोल्टाभोवती 2 मिलिमीटरही जागा उरत नाही, म्हणून आतल्या चेनरिंगसाठी 80 मिलिमीटरचं वेगळं वर्तुळ काढावं लागलं.